हातावरचं दही

पडदा वर जातो तेव्हा दिल्लीच्या द्वारकेतल्या एका नव्या सोसायटीत जेमतेम उजाडलंय. समोर मेट्रोचे अर्धवट खांब. दारात भालचंद्र पेठकर, सैल झालेली पँट पट्ट्याने आवळून उभे. सरकारी नोकरीतून निवृत्त. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये हयात गेली, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला विंगेतून प्रॉम्प्टिंग त्यांचंच.

पोटातली कळ पाठीत जायची, वजन उतरत चाललं होतं. सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूआड स्वादुपिंड दिसलंच नाही. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, पण तिथली गाठ म्हणजे जुनी सूज की कॅन्सर, हे कुणी सांगेना. आता तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच सोनोग्राफी करायची, सुईने गाठीचा तुकडा काढायचा. त्यासाठी रात्रीपासून पोट रिकामं हवं.

प्रमोदिनीबाईही नवऱ्याबरोबर उपाशीच होत्या. निघताना त्यांनी सवयीने नवऱ्याच्या हातावर दही घातलं. मुलांच्या परीक्षा, बढतीच्या मुलाखती, दह्याशिवाय पेठकरांच्या घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला गेलंच नव्हतं. भालचंद्ररावांनीही सवयीने तळवा चाटला.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "अंकलजी, कुछ खाया तो नहीं?"

"बिल्कुल नहीं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

चुकलेलं वाक्य तसंच जाऊ देणं प्रॉम्प्टरला जमेना. ते हळूच म्हणाले, "अगं, दही."

तारीख पुढे गेली. टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"माझ्याच हातानं झालं हो."

"चाटलं कुणी? आणि आंबट होतं, ते वेगळंच."

पुढच्या खेपेला दही फ्रिजमध्येच राहिलं. तपासणी नीट पार पडली. काही दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला. कॅन्सरच होता. पण पसरलेला दिसत नव्हता. ऑपरेशन करता येणार होतं.

घरी आल्यावर बाई चपला न काढताच सोफ्यावर बसल्या. इतकी बाकडी, इतक्या रांगा झाल्या होत्या की आता रडायचंही त्राण उरलं नव्हतं. आत फ्रिज उघडल्याचा आवाज आला. भालचंद्ररावांनी दह्याची वाटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उजवा तळवा पुढे केला.

"ऑपरेशनला पुन्हा उपाशीच नेतील. आत्ताच घाल हातावर. आणि साखर घाल या वेळी."