पाहिलंय, वाचलंय, ऐकलंय, ठाऊक नाही

रविवारची सकाळ. कणीक भिजवून झाली होती. नवऱ्याने, हेरंबने, मिक्सर दुरुस्त करायला म्हणून जमिनीवर उघडून ठेवला होता, म्हणजे आता तो पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहणार होता. आणि आमची सृष्टी, "मम्मा, कोथिंबीर निवडायची म्हणजे एक्झॅक्टली काय करायचं?" असं तिसऱ्यांदा विचारत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस एक तर अगदी घरचा असतो, नाहीतर जुन्या वळणाचा.

दारात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. ठेंगण्या, ताठ. डोक्यावरून घेतलेला पदर त्यांनी दोन बोटांनी तोंडाशी धरला होता. मागे पाठीवर सॅक घेतलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी.

"सॉरी हं काकू," मुलगी म्हणाली. "समोर पंधरा मिनिटं बेल वाजवतोय. आत कुणीतरी आहे, खुर्ची सरकवल्याचा आवाज येतोय. पण दार उघडत नाहीत. मुरलीधरकाका इथेच राहतात ना? मूकपटवाले?"

मला लगेच कळलं. दिवा गेला असणार.

मुरलीधरकाका आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांची मुलगी पद्मजा इथे राजधानीत, केंद्राच्या मंत्रालयात आहे. रविवारी सकाळी ती आयएनए मार्केटला मासळी आणायला जाते. काकांना अकराव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि त्यात दोन्ही कान गेले. त्यांची बेल वाजत नाही, बेल दाबली की टेबलाजवळचा लाल दिवा लागतो. तो गेला की मी त्यांची बेल, कारण किल्ली माझ्याकडे असते. कानाचं यंत्र त्यांच्याकडे आहे, पण ते कपाटात. "त्यात मला फक्त शिट्टी ऐकू येते," ते म्हणतात, "आणि शिट्टी ऐकण्याचं माझं वय गेलं."

काका ओठ वाचतात. इतके सफाईने, की नोकरीतल्या चौतीस वर्षांत निम्म्या साहेबांना पत्ताच लागला नाही. 'शिष्ट माणूस आहे, पाठीमागून हाक मारली तर वळून बघत नाही,' एवढीच त्यांची ख्याती. आपल्याला ऐकू येत नाही हे ते कुणाला सांगत नाहीत. मीही सांगत नाही.

"काका पूजेत असतील," मी त्या दोघींना म्हणाले. "या, मी उघडते."

मुलगी अक्षता. मुनिरक्यात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करत होती. बाई तिच्या आजी, चंद्रप्रभाबाई. माहेर सोलापूरचं, पण नवरा पानिपतला कापडगिरणीत रंगाच्या खात्यात मास्तर म्हणून आला, तेव्हापासून त्या पानिपतच्या. पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. बेडशीट ज्या चेनच्या प्लास्टिक पिशवीत मिळतं तशी एक पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. त्यात तीन फोटो होते. ते फोटो काय आहेत ते मला आधीच माहीत होतं. काकांचा महिनाभराचा मूड त्यांनी घालवला होता.

झालं होतं असं. इथल्या एका सिनेमावेड्या मंडळींच्या वेबसाइटवर 'मूकपटांचं विचारा' म्हणून एक पान आहे. लोक प्रश्न पाठवतात, काका पाठकोऱ्या कागदावर उत्तरं लिहितात आणि मी ती टाइप करते. नागपूरहून कुणी विचारतं, त्या काळच्या नट्यांचे ओठ एवढे काळे का? काका लिहितात, तेव्हाच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा, बाई बिचारी गुलाबीच होती. ठाण्याचे एक गृहस्थ विचारतात, नायिका खरंच घोड्यावर बसायच्या का? काका लिहितात, काही बसायच्या, काहींचा घोडा लाकडी असायचा आणि मागचं झाड पळवायचे.

प्रत्येक उत्तराखाली चारांपैकी एक शेरा असतो. पाहिलंय. वाचलंय. ऐकलंय. ठाऊक नाही. सरकारी फाइलवर सही असते तसा. 'ऐकलंय' लिहिताना काका माझ्याकडे बघून डोळा मारतात.

लोकांना सगळ्यात आवडतं ते वेगळंच. मूकपटातली माणसं मुकी नव्हती, ती कॅमेऱ्यासमोर बोलत होती. फक्त ते कुणाला ऐकू यायचं नाही. काकांना दिसतं. राजा राणीचा निरोप घेतोय, पडद्यावर पाटी येते 'प्राणप्रिये, आता भेट स्वर्गात', आणि राजा तोंडाने म्हणत असतो, 'मुकुट टोचतोय, उरका लवकर.' पंचविशीत काकांनी पहिला मूकपट पाहिला, तेव्हा सगळं थिएटर रडत होतं आणि हे एकटे हसत होते. "त्या दिवशी पहिल्यांदा," ते मला म्हणाले होते, "मला ऐकू आलं आणि बाकीच्यांना नाही."

आणि अशा माणसाला अक्षताने महिन्यापूर्वी तीन फोटो पाठवले. नऊवारीतली एक नायिका. एकात झाडाखाली, एकात राजवाड्याच्या पायरीवर, एकात तुळशीपाशी. मागे कोल्हापूरच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने साल १९२६. प्रश्न एकच: ही बाई कोण? तिन्ही फोटोंत तिने पदर तोंडावर धरलेला. काकांनी भिंग लावून आठ दिवस काढले. "ओठच दिसत नाहीत हिचे. मी काय वाचू?" म्हणाले, आणि खाली शेरा लिहिला: ठाऊक नाही.

तर त्या आठवड्यातच चंद्रप्रभाबाईंनी ठरवलं की आपणच जायचं.

मी किल्लीने दार उघडलं. काका खिडकीपाशी बसले होते. आम्हाला बघून दचकले, मग दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नेहमीसारखी त्यांच्या समोरच्या वेताच्या मोड्यावर बसले. पाहुणे तोंडातल्या तोंडात बोलणारे असले तर मी त्यांचं बोलणं 'म्हणजे तुम्ही म्हणताय की' असं करत पुन्हा म्हणते. लोकांना वाटतं, शेजारीण फार बोलकी आहे.

त्या दिवशी मला बोलकं व्हावंच लागलं, कारण चंद्रप्रभाबाई प्रत्येक शब्द पदराआडून बोलत होत्या.

"म्हणजे तुम्ही म्हणताय, तुम्ही वर्षाच्या असताना आई गेली," मी म्हणाले.

"हो. विषमज्वराने. चेहरा आठवत नाही. वडील सोलापुरात शाळामास्तर, गणित शिकवायचे. फार कडक. आईचा विषय काढला की उठून जायचे. ते त्र्याऐंशी साली गेले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तळाला हे सापडले." त्यांनी फोटो टेबलावर मांडले. "आत्या एकदा म्हणाली होती, आपल्या घरात एक नायिका होऊन गेली, पण मास्तरांपुढे बोलू नकोस. म्हणून मी समजले, ही आईच."

मी सगळं पुन्हा सांगितलं. काकांनी मान हलवली.

"तेव्हापासून हा तुळशीजवळचा फोटो देव्हाऱ्यात आहे. पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेली ना ती, दरवर्षी हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, गजरा, सगळं करते. मला आता ब्याऐंशी लागलंय. मला सिनेमाचं नाव नको, काही नको. ही माझी आई आहे का, तेवढं सांगा. दुसरा फोटो नाही तिचा."

हेही मी पुन्हा म्हणाले, पण थोडं हळू.

काका बराच वेळ फोटोंकडे बघत राहिले. मीही वाकून बघितलं. कॉम्प्युटरवर फोटो बारीक दिसतो. हातात घेतल्यावर गोष्ट वेगळी. आणि मला एक दिसलं, ते लग्नामुंजीत नथ घालून घामाघूम झालेल्या कुठल्याही बाईला दिसलं असतं.

"काका, नथ पदरावर आहे."

"म्हणजे?"

"पदर तोंडावर घेतला की नथ आत जाते, झाकली जाते. हिची नथ पदराच्या बाहेर लोंबतेय. म्हणजे पदर आधी लावलाय, पक्का, आणि नथ मग वरून. आणि ही नाकात नाहीये. दोऱ्याने कानाला बांधलीये. हा बघा दोरा."

काकांनी भिंग घेतलं. मग तिन्ही फोटोंवरून ते फिरवलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं. पण हसू आलं आणि तिथेच थांबलं, कारण त्यांनी समोर बसलेल्या बाईंकडे बघितलं.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुमचे आजोबा, वडिलांचे वडील, केव्हा गेले?"

"मी तीन वर्षांची होते."

"वडिलांना मिशी होती?"

"होती ना. भरघोस. आजोबा गेले तेव्हा काढली. आत्या सांगायची, बिनमिशीचे बाबा बघून मी भोकाड पसरलं, कुणाचा माणूस घरात आला म्हणून."

दोन्ही उत्तरं मी त्यांना पुन्हा सांगितली. काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचा नियम मला माहीत आहे. अंदाजाने ते कुणाला काही सांगत नाहीत. आणि इथे तर सांगायचं म्हणजे एका बाईच्या देव्हाऱ्यातून तिची आई उचलून घ्यायची. त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. प्यायले नाहीत.

"मी सांगतो ते तुम्हाला आवडेल की नाही, ठाऊक नाही," ते म्हणाले. "त्या काळी घरंदाज बायका सिनेमात यायच्या नाहीत. लहान कंपन्यांना नायिका मिळायची नाही. मग एखादा नाजूक चेहऱ्याचा, गोरा, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा धरायचे आणि त्याला लुगडं नेसवायचे. पण वडील हयात असताना मुलगा मिशी उतरवत नसे. कंपनी म्हणणार, काढ. हा म्हणणार, बाप जिवंत आहे, काढणार नाही. मग करायचं काय? पदर घ्यायचा. सबंध सिनेमाभर घ्यायचा."

बाहेर खाली भाजीवाला हिंदीत मटार ओरडत होता.

"आजी," अक्षता हळूच म्हणाली. "मतलब हे पणजोबा आहेत?"

चंद्रप्रभाबाईंनी तुळशीजवळचा फोटो उचलला आणि अगदी डोळ्यांजवळ नेला. मला त्यांच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं ती त्यांची आई होती.

"हात," त्या म्हणाल्या. "हातच बघितला नाही मी कधी. नमस्कार करायचे आणि उठायचे." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. नायिकेने पदर चिमटीत धरला नव्हता. अंगठा मोकळा ठेवून पहिल्या आणि मधल्या बोटांच्या मध्ये अडकवला होता, विडी धरतात तसा. "बाबा खडू असा धरायचे. सबंध शाळेत दुसरं कुणी धरत नसे. मुलं मागे नक्कल करायची आणि छड्या खायची." मग जरा थांबून, "बाबाच आहेत हे."

आणि त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला.

"दरवर्षी मी बाबांना हळदीकुंकू लावलं. हिरव्या बांगड्या ठेवल्या. कडक इस्त्रीच्या मास्तरांना."

"आजी, गेल्या वर्षी गजरा मीच आणला होता यार," अक्षता म्हणाली. "तू म्हणालीस, मोगऱ्याचाच हवा, आईला आवडत असणार."

"पातळ ठेवलं होतं गं. निळं. फॉलसकट."

मग मीही हसले. काकाही हसले, पण थोडे मागे राहून, कारण त्यांना यातलं अर्धंच मिळत होतं. मी हसण्यात बोलकी राहायचं विसरले होते.

हसू ओसरल्यावर चंद्रप्रभाबाईंनी कमरेचा बटवा काढला. आतून रुमालाची पुरचुंडी, त्यातून नथ. जुनी, बारीक मोत्यांची, एका बाजूला तार जरा चेपलेली. "माझ्या लग्नात बाबांनी दिली. एवढंच म्हणाले, तुझ्या आईची आहे." त्यांनी ती फोटोशेजारी ठेवली. तीच चेपलेली बाजू फोटोतही होती.

काकांनी भिंगातून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुन्हा इकडे.

"लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा त्यांचं," बाई म्हणाल्या. "म्हणजे आईची नथ घेऊन गेले. तिने दिली असणार. दोराही तिनेच बांधला असेल, बाबांना कुठे जमणार. ती तिथेच असेल, या बाजूला कुठेतरी, बघत." त्या फोटोच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिल्या. "दोघंही यात आहेत म्हणा की. फोटो काही मी देव्हाऱ्यातून काढत नाही."

मी हे काकांना पुन्हा सांगितलं. शब्दन् शब्द.

काकांनी कागद ओढला. उत्तर लिहिलं, खाली शेरा लिहिला, आणि कागद माझ्याकडे सरकवला. चारांपैकी शेरा होता, पाहिलंय. काकांच्या फाइलीत हा शेरा फार कमी वेळा असतो.

मी चहा टाकायला उठले. माझी पाठ वळली तशी चंद्रप्रभाबाई काकांकडे बघून काहीतरी म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. तोच पदर, तीच दोन बोटं. चाळीस वर्षं रोज त्या फोटोला नमस्कार करून ती लकब त्यांच्या हातात उतरली होती. आई अशी पदर धरायची, म्हणून.

मी परत फिरले, ते वाक्य पुन्हा म्हणायला. काकांनी हात वर करून मला थांबवलं. खुर्ची पुढे ओढून ते त्यांच्या समोर बसले.

"चंद्रप्रभाबाई, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "अकराव्या वर्षापासून. मी ओठ वाचतो. तेवढा पदर तोंडावरून खाली घ्या."