ऐकणारीचं पुस्तक

मी दहाएक वर्षांची झाले तोवर आमच्या गावच्या शाळेतली सगळी पुस्तकं माझी वाचून झाली होती. सगळी म्हणजे एक पत्र्याची पेटी. आमचं गाव भोरपासून दोन कोसांवर. बाजाराच्या दिवशी आई घेवड्याची पाटी डोक्यावर घेऊन भोरला जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही तिच्या मागं. बाजारपेठेतच एका माडीवर वाचनालय होतं. खालून बघितलं की खिडकीत पागोटी, टोप्या आणि उलगडलेली वर्तमानपत्रं दिसायची.

एकदा पाटी लवकर रिकामी झाली. आईला विचारून मी माडीवर गेले आणि वाचनालय सांभाळणाऱ्या मास्तरांकडं गोष्टीचं पुस्तक मागितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, मुलांना पुस्तकं देत नाही आम्ही. फाटतात."

खाली आले तेव्हा मी रडत नव्हते, पण आईनं माझ्या तोंडावरून ओळखलं. काय झालं ते ऐकून घेतलं, रिकामी पाटी शेजारच्या बांगडीवालीजवळ ठेवली, पदर खोचला आणि मला घेऊन जिना चढली.

त्या माडीवर त्याआधी कुणी बाई गेली होती की नाही, मला ठाऊक नाही. वाचणारे सगळे माना वर करून बघायला लागले.

"पोरीला देत न्हाई, तर मला द्या पुस्तक," आई म्हणाली.

"तुम्हांला वाचता येतं का, बाई?"

"न्हाई येत. ही वाचती, म्या ऐकती. ऐकणाराला पुस्तक द्यायचं न्हाई, असं हाय का कुठं?"

मास्तर समोरची वही चाळायला लागले. खिडकीपाशी बसलेले एक पागोटेवाले आजोबा म्हणाले, "मास्तर, उत्तर द्या की."

मास्तरांनी कपाटातून एक पुस्तक काढलं, मधलंच पान उघडून माझ्यापुढं धरलं. "वाच बघू. मोठ्यानं."

फुटलेल्या गलबताची गोष्ट होती. नीरेच्या पुरापलीकडं मोठं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. पहिल्या ओळी अडखळत गेल्या, मग माणसांचा विसर पडला. पान संपलं तशी मी थांबले.

"पुढं?" आजोबांनी विचारलं.

मी पान उलटलं. गोष्ट संपली तेव्हा वर्तमानपत्रं सगळ्यांच्या मांडीवर पडली होती. मास्तरांनी आईचं नाव लिहून घेतलं आणि तरीही विचारलंच, "फाटलं तर?"

"शिवून आणीन. गोधड्या शिवती म्या."

मास्तर हसले. पुस्तक त्यांनी माझ्या नाही, आईच्या हातात दिलं. वाटभर तिनं ते पदराखाली धरलं होतं, मला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी ओट्यावर वाचायला बसले की आळीतल्या बायका यायच्या. वडील जरा लांब बसून चऱ्हाट वळायचे, आणि गोष्ट रंगात आली की त्यांचे हात थांबायचे. माडीवर पुस्तक मिळतं, हे आईनं बाजारातल्या भाजीवाल्या बायकांना सांगितलं. त्यांच्याही पोरी जिना चढू लागल्या, पोरींमागून पोरं, पोरांमागून आया. शेवटी मास्तरांनी खिडकीखाली पोरांसाठी जाजम अंथरलं. बाजाराच्या दिवशी जिन्याशी रिकाम्या पाट्यांची चळत लागायची आणि वर्तमानपत्रवाले बिनबोभाट सरकून जागा द्यायचे.

आई त्याच जाजमावर माझ्याजवळ अक्षरं शिकली. दोन अक्षरं जुळली की ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं बघायची.

एका दुपारी मी शाळेतून भुकेली घरी आले तर चूल थंड. आई उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली, ओठ हलताहेत.

"आये, भूक लागलीय."

"थांब. एवढं पान हू दे."

मी मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात वडील शेतावरून आले, थंड चुलीकडं बघून म्हणाले, "सैपाक?"

"आये वाचतीया," मी सांगितलं.

त्यांनी पाय धुतले, उंबऱ्याजवळ येऊन टेकले आणि आईला म्हणाले, "मग जरा मोठ्यानं वाच की."