रिकामी बघून घेतलेली सॅक

उद्या सकाळी तीन दिवसांच्या ट्रेकला निघायचंय आणि मला आत्तापासूनच भीती वाटतेय.

आज शिळफाट्यावरून एक स्वस्तातली मोठी सॅक आणली. दुकानात रिकामीच पाठीला लावून बघितली, छान बसली. घरी आल्यावर आईने विचारलं, "भरून नाय बघितलीस गं?" आणि आत दहा किलो तांदळाची पिशवी ठेवली. अंगणात दुसऱ्याच फेरीला उजवा पट्टा खांद्याजवळ उसवला.

दुकान तोवर बंद झालेलं. आईने भाताच्या गोणी शिवायचा दाभण काढला आणि सुतळीने पट्टा शिवून दिला. मग डावाही शिवला, जो अजून धड होता.

तेव्हापासून मला जास्तच भीती वाटतेय. सुतळीने शिवलेली सॅक घेऊन कोणी घाट चढलंय का? जपून सांगा, आईसुद्धा कमेंट वाचते.