मापात आणलेली जाकिटं

माझ्या बहिणीची धाकटी लेक कपडे अल्टर करते. औषधांचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामध्ये दबलेली तिची खोली. एक मशीन, एक इस्त्री आणि खुंट्यांवर घेर वाढलेल्या लोकांचे कपडे. नाही म्हणणं तिला जमत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "उद्या सकाळी?" ही म्हणते, "हो." मग दुपारचा डबा तसाच राहतो. बहीण याला गोड स्वभाव म्हणते. मी भिडस्तपणा म्हणते, आणि तोंडावर म्हणते.

गेल्या वर्षी ती एकटीच परदेशी फिरायला गेली. मीच मागे लागले होते. तिथल्या हॉस्टेलात तिच्याच वयाची चार पोरं भेटली आणि सगळ्यांनी मिळून एक बोट ठरवली. समुद्रात मध्येच थांबायचं, उड्या मारायच्या, मासे बघायचे.

"पोहता येतं ना सगळ्यांना?" बोटवालीने विचारलं.

"हो," आमची बाई म्हणाली. बादलीपलीकडे पाण्याशी तिची ओळख नाही!

बोटवालीने प्रत्येकाला एकेक चपटं, ढगळ जाकीट दिलं आणि ती सुकाणूपाशी गेली. ढगळ कपडा हिच्या डोळ्यांना खुपतो. पर्समधून सुईदोरा काढून तिने दोन्ही बाजूंना टाके घातले आणि जाकीट अंगाबरोबर केलं.

"काय झकास बसलंय! माझंही कर ना," एक उंच मुलगा म्हणाला. तोंडाला खळ नाही म्हणून सगळे त्याला बडबड्या म्हणत.

"हो."

मग आणखी दोघींचं. फोटोही निघाले.

बोट थांबली. बोटवाली मागे वळून ओरडली, "आता नळीतून फुंका. हवा भरली की मगच उतरा!"

हिने आपल्या टाक्यांकडे पाहिलं. आत पातळसा स्पंज असेल, असं ती धरून चालली होती. आता सांगावं तर चारचौघांत शोभा. न सांगावं तर? तेवढ्यात बडबड्या कठड्यावर चढला.

"पाण्यात गेल्यावर फुंकतो की!"

तिने त्याचा पाय घट्ट धरला. "नाही! कोणी उतरायचं नाही! मी जाकिटांना भोकं पाडलीत. आणि मला पोहताही येत नाही!"

बोटवालीने एक जाकीट फुंकून कानाशी धरलं. सुस्स!

"बाई, हे जाकीट आहे की चाळणी?" मग तिने हिची अशी हजेरी घेतली की माझा जीव थंड झाला असता. झाडून झाल्यावर मात्र बाकाखालची जाड फोमची जाकिटं काढून दिली.

बडबड्या खाली बसला होता. "माझं पोहणं म्हणजे नुसते हात मारणं. वाचवलंस, ताई."

"मीच तर बुडवायला निघाले होते."

"तेही अगदी मापात!" एक मुलगी म्हणाली, आणि सगळे खो खो हसले.

हे सगळं तिने संध्याकाळी फोनवर सांगितलं. मी आधी तिला यथेच्छ बोलून घेतलं. मग विचारलं, "पाण्यात उतरलीस की नाही शेवटी?"

"शिडी धरून उतरले. मग शिडी सोडली. मावशी, मी तरंगले!"

"फोम होता म्हणून," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.