दोन पुराव्यांचे आप्पा

अमका वारला असं कुणी सांगितलं, की आमचे आप्पा आधी हळहळत नसत. आधी विचारत, “कोन म्हनतंय?” मग, “आनि दुसरं कोन?” दोन साक्षी जमल्या की मगच ‘अरारा’ म्हणत. आप्पा माझे थोरले चुलते. फौजेत कारकुनी करत सुभेदार झाले, कडेगावला परतले आणि घराण्याची वंशावळ लिहायला बसले. तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सुखानं मरायची सोय राहिली नाही.

माझ्या पणजीच्या मृत्यूच्या तीन तारखा निघाल्या. धाकटी आत्या म्हणाली, “आवं, आजीचं डोकं माज्या मांडीवर हुतं. मला ठावं न्हाई व्हय?” आप्पा म्हणाले, “मांडीवर तारीख लिवल्याली हुती का?” आत्या पुढची दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही. आप्पांनी वहीत नोंद केली : ‘पुरावा एक. साक्षीदार रुसलेली.’

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख वाटलेली. आप्पांची तारीख मात्र आजोबांनी गावच्या नोंदवहीतून उतरवून आणली होती, आणि त्याचा तोरा केवढा! “मला मास्तरनं जल्माला घातलं न्हाई,” असं ते येताजाता ऐकवत.

त्यांना एक्क्याऐंशी पूर्ण होणार म्हणून आम्ही सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. काकूंनी एक्क्याऐंशी पणत्या आणल्या. चौकात फेटा बांधलेल्या आप्पांचा फ्लेक्स लागला. मी साताऱ्याहून शाळेतून रजा काढून आले. आप्पांची एकच अट : जन्मदाखल्याची ताजी नक्कल वहीला लागली पाहिजे. म्हणून मीच त्यांना कचेरीत घेऊन गेले.

जन्माची नोंद लगेच सापडली. तिथंच उठावं की नाही माणसानं? आप्पांनी सवयीनं मृत्यूची वहीही मागितली. आठ महिन्यांनंतरची नोंद, तेच नाव, तोच बाप, तेच गाव. “आजोबा, तुमी तर कवाच गेलायसा की!” कारकून हसला. मीही हसले. आप्पा हसले नाहीत.

घरी सगळे म्हणाले, लिहिणाऱ्याची चूक. आप्पा म्हणाले, “त्यो जल्म लिवताना शाना आनि मरान लिवताना येडा, असं कसं?” आणि थेट मागच्या आळीतल्या आमिनाचाचींकडे गेले. चाची नव्वदीच्या पुढच्या. त्यांची आई गावची सुईण. त्यांनी सांगून टाकलं.

“थोरला दत्तू आठ म्हैन्यांचा हून गेला रं. तुजी आई वरीस-सव्वा वरीस कुनाशी धड बोलली न्हाई. मग मोहरमात, ताबुतांच्या भेटीच्या दिवशी, तू झालास. मी बारा-तेरा वर्सांची आसंन. माज्या आईनं तुला पुसून तिच्या कुशीत दिला, तर म्हनली, माजा दत्तू मागारी आला. त्येच नाव ठिवलं.”

म्हणजे धाकट्याच्या जन्माची नोंद झालीच नव्हती, आणि आजोबांनी शाळेसाठी उतरवली ती मेलेल्या मुलाची तारीख. आप्पा तिथं ओट्यावरच रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाले, “त्येचं नाव घेतलं, तारीख घेतली, फौजंतनं रिटायर बी त्येच्याच वयात झालो. आता पनत्या बी त्येच्याच घिऊ व्हय? दोन वर्सं थांबा.”

आम्ही विनवलं, काकू चिडल्या, मी तर भांडलेच : “आप्पा, दोन वर्षं कुणी बघितलीत?” त्यावर म्हणाले, “फौजंत टायमाआधी परेड हुत न्हाई.” झालं! पणत्या माळ्यावर गेल्या. फ्लेक्स गोठ्याच्या छपरावर गेला, आणि म्हशींच्या डोक्यावर आप्पा फेटा बांधून हसत राहिले.

चार महिने कमी पडले. मी सुट्टीला आले होते. एका दुपारी, घरीच, आप्पा गेले. दोन वर्षांपूर्वीच हट्टानं का होईना पणत्या लावायला हव्या होत्या, ही माझी चुटपुट काही जात नाही.

मृत्यूच्या दाखल्यासाठी मी कचेरीत गेले, तर कारकुनानं आधार कार्डावरची जन्मतारीख उचलली. ती थोरल्याची आहे म्हणून मी घसा फोडून सांगितलं. “पुरावा आणा,” तो म्हणाला. आमिनाचाची त्याआधीच्या थंडीत गेल्या होत्या. वाद घालायला आप्पा नव्हते, नाहीतर त्याची काही धडगत नव्हती. तारीख थोरल्याचीच राहिली.

घरी येऊन वही उघडली. आप्पांच्या रेखीव अक्षरात दोन ओळी होत्या. दत्तात्रय थोरला : जन्म, मृत्यू, पुरावे दोन-दोन. दत्तात्रय धाकटा : जन्म ताबुतांच्या भेटीचा दिवस, पुरावा एक, आमिनाचाची. पुढे मृत्यूचा रकाना रिकामा.

मी तारीख लिहिली. पुरावा पहिला : दाखला. तेवढ्यावर त्यांनी मला उठू दिलं नसतं. म्हणून खाली लिहिलं, पुरावा दुसरा : पुतणी. डोकं तिच्या मांडीवर होतं.