सुर्वे आधी विचारायचे

सुर्वे कॉम्प्युटरला लगेच हात लावत नसत. खुर्ची ओढून बसायचे, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि डॉक्टरसारखे विचारायचे, "ताई, काल मेल उघडत होतं ना? मग कालपासून काय काय केलंत, ते सांगा." आपण म्हणायचं, काही नाही केलं. मग म्हणायचे, "असं सगळेच म्हणतात. सावकाश आठवा."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीत ते डोंबिवलीहून यायचे, कंत्राटावर. कोर्सबिर्स काही नाही, सगळं स्वतः खटपट करून शिकलेले. मीही तशीच, न शिकता कीबोर्डवर बसलेली, म्हणून आमचं जमायचं. कुणाची मेल जात नसली की आऊटबॉक्समधली भलीमोठी फाइल शोधून काढायचे आणि कुणाला न हिणवता म्हणायचे, "बिचारी दारात अडकलीय, मागच्यांना वाट देईना."

आमच्या साहेबांचा एक हट्ट होता, इनबॉक्स स्वच्छ दिसला पाहिजे. मागे उभे राहून बघायचे. म्हणून आम्ही सगळ्याजणी वाचलेली मेल डिलीटेड फोल्डरमध्ये ढकलायचो आणि लागली की तिथूनच काढायचो. सुर्व्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची हो.

एक दिवस माझं मेल उघडेचना. सुर्वे म्हणाले, मेलची फाइल फुगलीय. दुरुस्तीचा प्रोग्राम दोनदा चालवल्यावर कसंबसं उघडलं, पण हलकं केलं नाही तर पुन्हा बसेल म्हणाले. कॉपी ठेवायला डिस्क ते वर्षभर मागत होते, साहेब देत नव्हते. मी फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत होते. सुर्वे थांबले. "ताई, डिलीटेडमधलं सगळं काढून टाकू? परत मिळणार नाही." मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "टाका हो."

आठवड्याने एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. माप बदलून मागितलंच नव्हतं म्हणे. मागितलं होतं, आणि तसं लिहिलेली त्याची मेल माझ्या डिलीटेडमध्ये होती. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला रिटायर व्हायला दोन वर्षं होती, घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. मी म्हणाले, सुर्व्यांनी मशीन साफ केलं. शब्द खोटा नव्हता, तेच जास्त वाईट.

"न विचारता?" साहेबांनी विचारलं.

सुर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. ते म्हणाले, "मीच केलं, साहेब."

त्यांचं काम त्याच दिवशी सुटलं. न विचारता पुसणारा माणूस, असं त्यांचं नाव आमच्या इमारतीतल्या बाकीच्या ऑफिसांतही झालं. बोलावणीच बंद झाली.

परवा ते गेल्याचं कळलं, तशी मी डोंबिवलीला गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला. मी मनाचा हिय्या केला आणि म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

त्या म्हणाल्या, "हेच सांगायचे ते मला. शेवटपर्यंत. मी म्हणायचे, विचारलं होतंत तर तिथे बोलला का नाहीत? मला वाटायचं, स्वतःची चूक झाकतायत."