मोटारींच्या शोरूममधला माळा

शहाद्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. "मिस्टर कुठं असतात?" हा पहिला प्रश्न. लग्न झालेलं नाही म्हटलं, की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी शाळेतली शिपाईणबाई मला एसटी स्टँडजवळच्या जुन्या मोटारींच्या शोरूमकडे घेऊन गेली.

स्वातंत्र्यानंतर एका गुजर बागायतदारानं ते हौसेनं बांधलं होतं. समोर मुंबईहून आणलेल्या उंच काचा, मोटार आत चढवायला फरशीचा उतार, वर सुटे भाग ठेवायला प्रशस्त माळा. तापीकाठची माणसं बायकापोरांसकट नवी गाडी बघायला यायची म्हणे. पुढे कंपनीनं एजन्सी धुळ्याला दिली आणि इमारत ओस पडली. मालक तिथं कापूस भरणार होते. पण त्यांच्या बायकोनं, सारं गाव जिला काकी म्हणायचं तिनं, हट्टानं गवंडी लावून बिऱ्हाडांसाठी खोल्या पाडायला घेतल्या.

मी गेले तेव्हा काकी पदर खोचून गवंड्याजवळ उभ्या होत्या. माझं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "सैपाक चुलवर करशी का स्टोव्हवर?"

"स्टोव्हवर."

"मंग माळा तुन्हा. तठे धुराडं नही शे."

लग्नाचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

पुढे खाली बिऱ्हाडं आली. त्यांतले एक गृहस्थ काकींना म्हणाले, "वर एकटी बाई राहते, बरं दिसत नाही."

काकी शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती तुमना पहिले येल शे. तुमले बरं दिसत नही व्हई, ते दुसरी खोली देखा."

गृहस्थ कुठेही गेले नाहीत. दिवाळीनंतर त्यांची बायकोच मुलीला माझ्याकडे गणित शिकायला पाठवू लागली.

आडोसा हवा म्हणून काकींनी खालच्या काचांना चुना फासला. मालकांना ते बघवेना. ते कापसाच्या बाजारात, मोंढ्यात निघून गेले. माळ्यासमोरच्या काचा मात्र काकींनी तशाच ठेवल्या, "मास्तरीणले वाचाले उजेड लागस" म्हणून. सकाळचं ऊन थेट माझ्या टेबलावर यायचं. असं घर मला नंतर कधी मिळालं नाही.

त्या उन्हाळ्यात आई आली. "दुकानात राहतेस?" म्हणत नाक मुरडून ती माळा चढली. संध्याकाळी खाली काकींजवळ जाऊन बसली ती दिवेलागणीनंतर वर आली.

"दुसरी जागा बघू नकोस," आई म्हणाली.